बारावी इतिहास: जगाच्या इतिहासाची प्रकरणं सहा आठवड्यांत कशी बसवावीत?

माटुंगापूर्व

नमस्कार. भाची यंदा बारावी कला शाखेला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. इतिहासाचा लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. मराठे, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा हा भाग तिचा पक्का आहे. अडतं ते प्रबोधन, युरोपीय वसाहतवाद, दोन महायुद्धं, आशिया-आफ्रिकेचं निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध इथे. तोंडी विचारलं तर छान सांगते. लिहायला बसली की सनांची आणि करारांची सरमिसळ होते, आणि ‘सकारण स्पष्ट करा’चं उत्तर चार ओळींत आटपतं.

कॉलेजने सांगितलेले प्रकार: योग्य पर्याय, चुकीची जोडी, नकाशा पाहून उत्तरं, संकल्पनाचित्र, टीपा, सकारण, मत नोंदवा, सविस्तर उत्तर. रोज दीड तास देऊ शकते, रविवारी तीन. कुठून सुरुवात करावी, सनावळ्या किती पाठ कराव्यात आणि उत्तर मोठं कसं करावं, एवढं जाणकारांनी सांगावं.

पुरवणी

ताई, तिला पुस्तकाच्या क्रमाने नेऊ नका. तसं केलं की प्रबोधन चार वेळा वाचून होतं आणि शीतयुद्ध शेवटच्या आठवड्यात एकदाच, तेही घाईत. १९१४ ते १९४५ हा कणा धरा आणि तिथून सुरुवात करा. महायुद्ध नीट कळलं की मागे जाऊन वसाहतवाद ‘कारण’ म्हणून वाचता येतो आणि पुढे येऊन निर्वसाहतीकरण व शीतयुद्ध ‘परिणाम’ म्हणून. धडे एकमेकांना जोडले गेले की निम्मं पाठांतर आपोआप कमी होतं.

पहिला आठवडा: पहिलं महायुद्ध आणि १९१९ चे तह. दुसरा: १९१९ ते १९४५. तिसरा: मागे जाऊन प्रबोधन, भौगोलिक शोध, वसाहतवाद. चौथा: शीतयुद्ध. पाचवा: निर्वसाहतीकरण. सहाव्यात नवीन काही वाचायचं नाही. तीन तास घड्याळ लावून दोन पूर्ण पेपर सोडवायचे आणि प्रत्येक पेपरनंतरचा दिवस फक्त तपासणीला ठेवायचा. भारताच्या भागाची उजळणी रविवारी.

दीड तासाची वाटणी अशी. पहिली पंधरा मिनिटं पुस्तक बंद. काल वाचलेलं कोऱ्या फुलस्केपवर आठवेल तसं उतरवायचं, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने भरायचं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर राहतं ते हे लाल. पुढची चाळीस मिनिटं नवीन वाचन, सहा-सात पानांपेक्षा जास्त नाही. उरलेली पस्तीस मिनिटं एक उत्तर पूर्ण लिहायचं. वेळ कमी पडला तर वाचन कापा, लेखन कापू नका. तोंडी येतं पण लिहिता येत नाही, याचं कारण तिची स्मरणशक्ती नाही. वाचन रोज होतं आणि लेखन फक्त परीक्षेत होतं, म्हणून असं होतं.

सनावळी

सनांबद्दल मी लिहिते. सगळ्या तारखा एकाच तोलाच्या समजून पाठ केल्या की सगळ्याच डळमळतात. तीन ढीग करावेत.

पहिला ढीग, दिवसासकट पाठ हव्यात अशा जेमतेम डझनभर तारखा: १४ जुलै १७८९ (बॅस्टिल), २८ जून १९१४ (साराजेव्हो), ११ नोव्हेंबर १९१८ (युद्धबंदी), २८ जून १९१९ (व्हर्साय), १ सप्टेंबर १९३९ (पोलंडवर हल्ला), ७ डिसेंबर १९४१ (पर्ल हार्बर), ६ व ९ ऑगस्ट १९४५ (हिरोशिमा, नागासाकी), २४ ऑक्टोबर १९४५ (संयुक्त राष्ट्रे), ४ एप्रिल १९४९ (नाटो), ९ नोव्हेंबर १९८९ (बर्लिनची भिंत).

दुसरा ढीग, फक्त वर्ष पुरेसं: कॉन्स्टँटिनोपल १४५३, कोलंबस १४९२, वास्को-द-गामा १४९८, ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनी १६००, डच कंपनी १६०२, अमेरिकेचं स्वातंत्र्य १७७६, बर्लिन परिषद १८८४-८५, रशियन क्रांती १९१७, मुसोलिनी १९२२, जागतिक मंदी १९२९, हिटलर चॅन्सेलर १९३३, बांडुंग १९५५, घाना १९५७, बेलग्रेड १९६१, क्यूबा १९६२, सोव्हिएत संघाचं विघटन १९९१.

तिसऱ्या ढिगात तारीख नको, क्रम हवा. १९३० च्या दशकाचं बघा: मांचुरिया (१९३१), ॲबिसिनिया म्हणजे इथिओपिया (१९३५), ऱ्हाईनलँड म्हणजे जर्मनीचा फ्रान्सकडचा भाग (१९३६), ऑस्ट्रिया आणि म्युनिक करार (१९३८), उरलेला चेकोस्लोव्हाकिया (मार्च १९३९), नाझी-सोव्हिएत करार (ऑगस्ट १९३९), पोलंड. हा क्रम आला की ‘लांगूलचालनाचं धोरण’ (आक्रमकाला सवलती देत शांत ठेवणं) या टिपेचा सांगाडा तयार होतो. प्रत्येक पायरीवर ब्रिटन-फ्रान्सने काय केलं, एवढं त्यात भरायचं राहतं.

गोंधळ होणाऱ्या जोड्या वेगळ्या कागदावर काढाव्यात. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर १९१७ ला येते, कारण रशिया तेव्हा जुनी कालगणना वापरत होता आणि ती १३ दिवस मागे होती. त्याच कारणाने ‘फेब्रुवारी क्रांती’ मार्चमध्ये पडते. आणि २८ जून दोनदा आहे, १९१४ आणि १९१९. मुलं हमखास एकच लिहितात. एकत्र पाठ करायला मात्र ही जोडी उत्तम, खुनापासून तहापर्यंत बरोबर पाच वर्षं.

भायखळा_पश्चिम

इथेच एक विचारतो. मुलाच्या गाईडमध्ये पहिल्या महायुद्धात इटली जर्मनीच्या बाजूला दाखवलाय. पुस्तकात दोस्त राष्ट्रांत आहे. खरं काय?

सनावळी

पुस्तकातलं बरोबर. गाईडमधली चूक कुठून आली तेही बघा, कारण चुकीच्या जोडीचा प्रश्न नेमका इथेच बसतो. १८८२ च्या त्रिराष्ट्र करारात जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली होते. १९१४ ला युद्ध पेटलं तेव्हा इटली तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये दोस्त राष्ट्रांकडून उतरला. म्हणजे युद्धापूर्वीचा गट आणि युद्धातली बाजू या दोन वेगळ्या याद्या आहेत. जर्मनीच्या बाजूने लढले ते ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन साम्राज्य आणि बल्गेरिया. दुसऱ्या महायुद्धात इटली पुन्हा जर्मनीकडे, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. जपानचंही तसंच: पहिल्यात दोस्त राष्ट्रांबरोबर, दुसऱ्यात विरोधात. दोन्ही युद्धांचा मिळून एकच तक्ता करा, देश डावीकडे आणि शेजारी दोन रकाने.

पुरवणी

आता ‘उत्तर मोठं कसं करावं’ याकडे येऊ. उत्तर लांबवायचं नसतं, त्यातले सुटलेले दुवे भरायचे असतात. उदाहरण घेऊ: ‘व्हर्सायच्या तहात दुसऱ्या महायुद्धाची बीजं होती, सकारण स्पष्ट करा.’

बहुतेक उत्तरं अशी येतात: ‘हा तह जर्मनीवर लादला होता. तो अपमानकारक होता. त्यामुळे जर्मन लोक चिडले. हिटलरने त्याचा फायदा घेतला आणि दुसरं महायुद्ध झालं.’ यात खोटं काही नाही. पण तहाचं एकही कलम नाही आणि १९१९ पासून १९३९ पर्यंतची वीस वर्षं एका वाक्यात उडी मारून ओलांडली आहेत. परीक्षकाने गुण द्यायचे तरी कशाला?

भरायचं ते असं. आधी कलमं, आकड्यांसकट: अल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत, सार खोरं १५ वर्षं राष्ट्रसंघाच्या ताब्यात, ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य ठेवायला बंदी, लष्कर जास्तीत जास्त १ लाख, कलम २३१ नुसार युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर, त्यावर आधारलेली नुकसानभरपाई, जी १९२१ मध्ये १३,२०० कोटी सुवर्ण मार्क ठरली. मग या कलमांचं देशात काय झालं: तहावर सह्या करणाऱ्या नव्या प्रजासत्ताकाच्या माथी पराभव मारला गेला, १९२३ ला चलनफुगवट्याने मध्यमवर्गाची बचत मातीमोल झाली.

यानंतरचा दुवा जवळजवळ सगळ्यांचा सुटतो. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती. तह तेव्हाही होताच. जुलै १९३२ मध्ये तीच मतं ३७.३ टक्क्यांवर गेली. मधे काय आलं? १९२९ ची मंदी, अमेरिकी कर्जं आटली, बेकारी वाढली. म्हणजे तहाने राग साठवला आणि मंदीने त्या रागाला मतपेटीपर्यंत आणलं. शेवटी, १९३६ ला ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य शिरलं तेव्हा कोणी अडवलं नाही, म्हणून तह मोडता येतो हे सिद्ध झालं. इतकं लिहिलं की प्रश्नातल्या ‘बीजं’चं उत्तर मिळतं. बी रुजायला काय-काय लागलं तेही त्यात येतं.

प्रत्येक ‘सकारण’ उत्तर लिहून झालं की तिला एकच प्रश्न विचारायला सांगा: दोन वाक्यांच्या मधे ‘म्हणजे नेमकं कसं?’ असं विचारलं तर उत्तर कागदावर आहे का? नसेल तिथे एक वाक्य घाला.

ठाणे_जलद

पुरवणी सर, हेच १९१४ च्या बाबतीत करून दाखवाल का? लष्करवाद, करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद ही चार कारणं सगळे लिहितात. त्यानंतर ‘आर्चड्यूकची हत्या झाली आणि युद्ध पेटलं’ एवढंच.

पुरवणी

बरोबर नेमकं बोट ठेवलंत. चार कारणं ही दूरची कारणं. ती वर्षानुवर्षं होती, तरी युद्ध १९१४ च्या उन्हाळ्यातच का झालं, याचं उत्तर त्या सदतीस दिवसांत आहे. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या. महिनाभर शांतता. २३ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, २८ जुलैला युद्धघोषणा. सर्बियाच्या पाठीशी रशिया, त्याने सैन्य जमवायला सुरुवात केली. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध.

भांडण रशियाशी आणि हल्ला फ्रान्सवर का, हा प्रश्न तिला पडलाच पाहिजे. फ्रान्स आणि रशिया यांचा १८९४ पासून करार होता, म्हणजे दोन आघाड्यांवर युद्ध ठरलेलं. जर्मनीची श्लीफेन योजना अशी की अवाढव्य रशियाचं सैन्य जमेपर्यंत सहा आठवड्यांच्या आसपास फ्रान्सला हरवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं. फ्रान्सच्या सीमेवर किल्ल्यांची रांग, म्हणून वाट बेल्जियममधून. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने १८३९ मध्ये दिलेली. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात आला. आणि ब्रिटनने युद्ध जाहीर केल्याबरोबर भारतही ओढला गेला, इथे कोणालाही न विचारता. ‘जागतिक महायुद्धे आणि भारत’ या धड्याच्या नावातलं ‘आणि भारत’ इथे जोडायचं.

ही साखळी पाठ करायला देऊ नका. कागदावर देशांची नावं गोलात लिहून तिलाच बाण काढायला सांगा, प्रत्येक बाणावर तारीख. संकल्पनाचित्राचा सरावही त्यातच होतो. तिथे रकान्यात वाक्यं लिहायची नसतात, दोन-तीन शब्द पुरतात.

कोरा_नकाशा

नकाशावर आधारित उत्तरं हे सर्वांत स्वस्तात मिळणारे गुण, आणि त्याची तयारी सगळ्यांत कमी होते. स्टेशनरीच्या दुकानात जगाचे आणि युरोपचे कोरे नकाशे सुटे मिळतात. युरोपचे चार, जगाचे चार घ्या. आफ्रिकेचा मिळाला तर उत्तम, नाहीतर जगाच्या नकाशातला आफ्रिका झेरॉक्सवर मोठा करून घ्या.

युरोपचा एक नकाशा १९१४ चा, एक १९२० च्या आसपासचा, शेजारीशेजारी. पहिल्यात ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मन, रशियन आणि ऑटोमन ही चार साम्राज्यं रंगवा. दुसऱ्यात ती पुसून पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आणि सर्ब-क्रोट-स्लोव्हेनांचं राज्य भरा. या शेवटच्याला युगोस्लाव्हिया हे अधिकृत नाव १९२९ मध्ये मिळालं. हे एकदा हाताने केलं की पोलंडला समुद्रापर्यंत वाट देताना पूर्व प्रशिया जर्मनीपासून तुटला, हे वाचायला लागत नाही, दिसतं.

आफ्रिकेच्या नकाशावर १९१४ ला इथिओपिया आणि लायबेरिया एवढेच स्वतंत्र. इथिओपियाने १८९६ ला आडोवाच्या लढाईत इटलीला हरवलं होतं. १९३५ ला मुसोलिनी पुन्हा तिथेच का गेला, हेही त्यातून उलगडतं.

शीतयुद्धाच्या नकाशात ठरलेल्या चुका तीन. एक, बर्लिन दोन जर्मनींच्या सीमेवर काढतात. ते पूर्व जर्मनीच्या पोटात, सीमेपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत होतं. हे चुकलं की जून १९४८ ते मे १९४९ ची बर्लिनची नाकेबंदी समजतच नाही, कारण रस्ते आणि रेल्वे बंद केल्यावर विमानाशिवाय मार्ग का उरला नाही, हे त्या अंतरातच आहे. दोन, भिंत दोन देशांच्या मधे दाखवतात. ती पश्चिम बर्लिनभोवती होती. तीन, क्यूबाच्या जागी हैती. क्यूबा फ्लोरिडाच्या लगेच खाली, लांबट. तिथून सोव्हिएत क्षेपणास्त्रं किती पल्ल्यावर अमेरिकेत पोचतील, ते पाहिलं की १९६२ चा तणाव कळतो.

सराव आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. आधी पेन्सिल, मग तपासून शाई.

माटुंगापूर्व

कोरे नकाशे आजच आणते. शीतयुद्धाच्या करारांचं काय करावं? नाटो, सीटो, सेंटो, अँझुस, वॉर्सा… ती नुसती नावं घोकते आहे.

सनावळी

नावं घोकू नका, ‘कोणाला भिऊन’ ते विचारा. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी चालू असतानाच पश्चिम युरोप आणि अमेरिका एकत्र आले, तो नाटो, सुरुवातीला १२ देश. १९४९ ला चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट, १९५० ला कोरियात युद्ध, मग आशिया-पॅसिफिककडे लक्ष: अँझुस १९५१ (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका). १९५४ ला फ्रान्स व्हिएतनाममधून हरून निघाला, त्याच वर्षी सीटो. १९५५ ला पश्चिम आशियासाठी बगदाद करार. १९५८ च्या क्रांतीनंतर इराक त्यातून बाहेर पडला आणि १९५९ ला त्याचं नाव सेंटो झालं. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत गेला आणि आठवड्याभरातच, १४ मेला, सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार झाला. म्हणजे नाटो आणि वॉर्सा यांच्यात सहा वर्षांचं अंतर आहे, ‘लगेच उत्तर म्हणून’ असं लिहू नये.

चुकीच्या जोडीसाठी दोन सापळे. सीटो म्हणजे आग्नेय आशिया करार, पण त्या भागातले फक्त फिलिपिन्स आणि थायलंड त्यात होते. पाकिस्तान, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड बाकीचे. आसियान (१९६७) ही वेगळी संघटना आहे, लष्करी करार नव्हे. दुसरा सापळा बांडुंगचा. १९५५ ची बांडुंग परिषद म्हणजे अलिप्ततावादी चळवळीची स्थापना नव्हे. ती आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद होती, चीन तिथे हजर होता, युगोस्लाव्हिया नव्हता. अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला, म्हणजे युगोस्लाव्हियातच झाली, आणि तिथे चीन नव्हता.

भायखळा_पश्चिम

अलिप्ततावादावर टीप आली की मुलगा ‘भारत कोणत्याच बाजूला नव्हता’ असं लिहून मोकळा होतो.

सनावळी

दादा, टिपेत दोन कृती घालायला सांगा. कोरियातली युद्धबंदी झाल्यावर युद्धकैद्यांच्या परतीसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, जनरल थिमय्या अध्यक्ष. आणि १९५६ ला सुएझवर ब्रिटन, फ्रान्स, इस्राएल यांनी हल्ला केला तेव्हा भारताने इजिप्तची बाजू उघड घेतली. लष्करी गटात जायचं नाही, पण प्रत्येक प्रश्नावर स्वतःचं मत मांडायचं, असं ते धोरण होतं. हे दोन दाखले दिले की टीप भरते.

गिरणगाव

एक सुचवतो. मुंबईच्या मुलांना या पेपरमध्ये हाताशी असलेले दाखले वापरता येतात. वसाहतवादात: १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाला मिळालेलं मुंबई बेट १६६८ ला कंपनीकडे गेलं, वर्षाला १० पौंड भाड्याने. औद्योगिक क्रांतीची जागतिक बाजू: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपला सर्वांत जवळचं मोठं भारतीय बंदर बनलं. दुसरं महायुद्ध: १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट. साम्राज्याचा शेवट: १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरील प्रशिक्षण केंद्रात सुरू झालेला नाविकांचा उठाव, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवेमधून निघालेली शेवटची ब्रिटिश पलटण.

कोरा_नकाशा

गिरणगाव, माहिती मोलाची आहे, पण परीक्षेत जपून. मुलांना आपल्या शहराचं सापडलं की अर्धं पान त्यातच जातं. तपासणारा उत्तरपत्रिकेत अपेक्षित मुद्दे शोधतो. ‘दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम’ विचारलं असताना गोदीचा स्फोट सविस्तर लिहिला, तर गुण मिळणार नाहीत आणि वेळ जाईल.

गिरणगाव

मान्य, म्हणून मर्यादा घालतो: एका उत्तरात एकच दाखला, एकच वाक्य, तोही मुद्दा मांडून झाल्यावर. ‘मत नोंदवा’मध्ये तो सर्वांत शोभतो. ‘महायुद्धाने ब्रिटिश साम्राज्य खिळखिळं झालं’ यावर मत देताना १९४६ चा नाविक उठाव हा सजावटीचा दाखला राहत नाही. ज्या सैन्याच्या भरवशावर राज्य चाललं होतं, त्याचाच भरवसा उरला नाही, याचा तो पुरावा आहे. तिथे तो मुद्द्यातच मोडतो.

कोरा_नकाशा

असा वापर असेल तर जरूर लिहावा.

ठाणे_जलद

निर्वसाहतीकरणाचं कोणी लिहिलं नाही. इतके देश, इतके नेते, काय पकडायचं?

पुरवणी

देशांची यादी नको, वाटा पकडा. तीन पुरतात. वाटाघाटींची वाट: ब्रह्मदेश आणि श्रीलंका १९४८, घाना ६ मार्च १९५७, नेता क्वामे एन्क्रुमा. युद्धाची वाट: इंडोनेशिया (घोषणा १७ ऑगस्ट १९४५, डचांची मान्यता डिसेंबर १९४९), व्हिएतनाम (दिएन बिएन फूची लढाई, १९५४), अल्जीरिया (१९५४ ते १९६२). तिसरी, उशिराची: पोर्तुगालच्या वसाहती अंगोला आणि मोझांबिक १९७५ ला सुटल्या, कारण १९७४ ला खुद्द पोर्तुगालमध्ये लष्कराने हुकूमशाही उलथवली. केनिया (१२ डिसेंबर १९६३) पहिल्या दोन वाटांच्या मधला, आधी माऊ माऊ उठाव आणि मग वाटाघाटी.

एखादी वसाहत लढून का सुटली आणि दुसरी बोलणी करून का, याचं एक कारण ध्यानात ठेवावं: जिथे युरोपीय लोक मोठ्या संख्येने वसलेले होते आणि जमिनी त्यांच्याकडे होत्या, तिथे रक्तपात जास्त. अल्जीरियात सुमारे दहा लाख युरोपीय होते, घानात अगदी थोडे. सविस्तर उत्तरात ही तुलना घातली की ते नुसतं माहितीचं उत्तर राहत नाही. १९६० ला एकाच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि मे १९६३ ला अदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली, या दोन गोष्टी वस्तुनिष्ठ प्रश्नांसाठी.

प्रबोधनाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, तो धडा सोपा आहे. शास्त्रज्ञ आणि शोध यांच्या जोड्या नीट करा: कोपर्निकस (ग्रंथ १५४३), केप्लर ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा, गॅलिलिओ १६०९ पासून दुर्बिणीतून निरीक्षणं, न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ १६८७. सूर्यकेंद्री मांडणी गॅलिलिओच्या नावावर टाकणं ही नेहमीची चूक. दुर्बिणीचा शोधही त्याचा नव्हे, त्याने ती सुधारून आकाशाकडे वळवली.

माटुंगापूर्व

पेपरमधल्या वेळेचंही सांगा. शेवटचं सविस्तर उत्तर तिचं नेहमी अर्धवट राहतं.

कोरा_नकाशा

१८० मिनिटांतली १० प्रश्न वाचून निवडायला, १५ शेवटी तपासायला. उरली १५५, गुण ८०. म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहून किंचित कमी. तीन गुणांचं उत्तर सहा मिनिटांत बंद, मग ते कितीही येत असो. वस्तुनिष्ठ प्रश्न यापेक्षा लवकर होतात. तिथली वाचलेली मिनिटं सविस्तर उत्तराला मिळतात. ते शेवटी अर्धवट राहत असेल तर टीपा आणि सकारण यांच्या आधी लिहू दे, प्रश्न क्रमांक ठळक आणि नव्या पानावर. फक्त वस्तुनिष्ठ प्रश्न सलग सोडवावेत, तुकड्यातुकड्यांत विखुरले की एखादा राहून जातो.

पेन निळं किंवा काळं. महत्त्वाच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ, प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर. पर्याय असलेल्या प्रश्नात जास्तीचं उत्तर लिहू नये, तो वेळ अपुऱ्या उत्तराला द्यावा. नावं पाठ्यपुस्तकात आहेत तशीच लिहायची सवय करावी: क्लेमांसो, गोर्बाचेव्ह, एन्क्रुमा, साराजेव्हो. अशी तीसेक नावं रोज पाचप्रमाणे श्रुतलेखनासारखी लिहून घ्या, आठवड्यात संपतात.

ठाणे_जलद

शेवटचं एक. ‘राष्ट्रसंघ अपयशी ठरला, तुमचे मत नोंदवा.’ इथे ‘हो’ लिहायचं की ‘नाही’?

पुरवणी

दोन्ही चालतं, पुरावा हवा. पहिल्याच वाक्यात मत स्पष्ट लिहा, मग दाखले. ‘हो’च्या बाजूने: जपानने १९३१ ला मांचुरिया घेतला, राष्ट्रसंघाने चौकशी आयोग पाठवला, १९३३ ला अहवाल मान्य झाला आणि जपान संघातूनच बाहेर पडला. १९३५ ला ॲबिसिनियावरून इटलीवर आर्थिक निर्बंध आले, पण त्यातून तेल वगळलं होतं आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुला राहिला. याची कारणं: स्वतःचं सैन्य नाही, महत्त्वाच्या निर्णयांना एकमत लागे, आणि ज्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी, विल्सन यांनी, कल्पना मांडली तीच सदस्य झाली नाही. दुसऱ्या बाजूला: स्वीडन आणि फिनलंड यांच्यातला आलँड बेटांचा वाद १९२१ ला शांततेत मिटला, निर्वासितांना नान्सेन पारपत्रं, म्हणजे देश नसलेल्यांसाठीची प्रवासाची कागदपत्रं, मिळाली. म्हणून ‘लहान राष्ट्रांच्या वादात यश, महासत्ता आक्रमक झाली की अपयश’ असं मत सर्वांत टिकाऊ, कारण दोन्हीकडचे पुरावे त्यात बसतात.

‘काही अंशी’ एवढंच लिहून सोडू नये. किती अंशी आणि कुठे, ते त्याच वाक्यात यावं. आणि घाईत राष्ट्रसंघाच्या जागी संयुक्त राष्ट्रे लिहिलं जातं, ते तपासणीच्या पंधरा मिनिटांत आधी बघावं: जिनिव्हा, १९२० म्हणजे राष्ट्रसंघ, सुरक्षा परिषद, नकाराधिकार, १९४५ म्हणजे संयुक्त राष्ट्रे.